रुमणखेडच्या पाटीवरचा शेवटचा आकडा

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ आणि गावं आठशेच्या वर. एवढी गावं एकाच माणसाच्या पायाखालून जाणं अवघडच, पण सिद्धोधन पेंटरच्या गेली होती. नवरदेव सोयरीक बघायला जातो तो मुलीकडं बघतो, व्यापारी जातो तो कापसाकडं बघतो. सिद्धोधन भिंतीकडं बघायचा. कुठल्याही गावाचं नाव काढा, आधी तिथली भिंत सांगणार. "पाथरीच्या पलीकडचं व्हय? भिंतीला पोपडे हायत, रंग पितेय नुसता." "पालमच्या अंगाचं? भिंत लय गुळगुळीत, पन वरून वायर गेलीय. शिडी जपून लावावी लागती."

त्याचं काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची माहिती लिहिणं. गावाचं नाव, तालुका, क्षेत्र, कुटुंबं, लोकसंख्या, नदी, पिकं. गोदाकाठाला ऊस लिहायचा, जिंतूरच्या डोंगराला ज्वारी-तूर, मधल्या काळ्या रानाला कापूस-सोयाबीन. व्यवसायाच्या रकान्यात मात्र सगळीकडं एकच, 'शेती व मजुरी'. या तीन शब्दांना त्याचा हात इतका सरावला होता की डोळे मिटून लिहील. फ्लेक्स आला तेव्हा बरोबरचे पेंटर बसले. एकानं रिक्षा घेतली आणि तिच्यामागं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे सिद्धोधनकडूनच लिहून घेतलं. तेवढं एक गिऱ्हाईक मिळालं, म्हणून सिद्धोधन महिनाभर हसत होता. पण दोन उन्हाळ्यांत फ्लेक्स पांढरा पडला आणि पंचायतींना पुन्हा त्याची आठवण झाली.

तो मूळचा पोखर्णीजवळचा. आज्याचं नाव सटवाजी, नातवाचं सिद्धोधन. छप्पन्न साली आज्यानं धम्म घेतला आणि पुढं घरातली नावंच बदलली. दहावीत गणितानं पाय ओढला, तसा तो परभणीला स्टेशन रोडच्या एका उस्तादाच्या हाताखाली लागला. उस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, शिडी हलली की अक्षर हललं, म्हणून पायाखाली खडे सारून शिडी आधी ठाम करायची. दुसरी, आकड्यातला शेवटचा अंक सगळी पाटी वाळल्यावर काढायचा. "आख़री हिंदसा मेहमान होता है बेटा, उसको आख़िर में बुलाना." का, ते उस्तादानं सांगितलं नाही. सिद्धोधननं अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत दोन्ही गोष्टी पाळल्या. रुमणखेडला जे झालं ते पहिली पाळल्यामुळं झालं, आणि निस्तरलं ते दुसरीमुळं.

रुमणखेड गंगाखेडच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथं संपतो आणि काळं रान सुरू होतं तिथं. सरपंच भगवानरावांचा फोन आला, पंचायतीची नवी इमारत झालीय, पाटी पाहिजे. माघातल्या एका मंगळवारी सिद्धोधन जीपच्या टपावर शिडी बांधून तिथं उतरला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन चांगलं वर आलेलं. आणि गावात आवाज नव्हता.

शांत गावं त्यानं पुष्कळ पाहिली होती. शांत गावातही कुठं जातं घरघरतं, कुठं मोबाईलवर भजन लागलेलं असतं. इथं दोन दारांआड एका दाराला कुलूप. उघड्या दारांत एकेक म्हातारं माणूस बसलेलं, आणि ती सगळी एकाच दिशेला बघत होती. एक कुत्रं पुढं आलं, त्यानं सिद्धोधनला वास घेऊन बघितलं आणि न भुंकताच परत पायात डोकं घातलं. सिद्धोधन मनात म्हणाला, टोळ्या गेल्यात. दसरा-दिवाळीला अर्धं गाव कोयते बांधून ऊसतोडीला जातं, नवरा, बायको, लेकरं, सगळं बिऱ्हाड, ते शिमग्याच्या तोंडावर येतं. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचं हेच आहे. त्यात नवल काही नव्हतं. तरी त्यानं दुकानात पाणी मागितलं ते जरा हळू आवाजात.

आपल्याकडं जुना रिवाज आहे. गाव पांढरीवर वसवायचं आणि काळी नांगरायची. काळ्या मातीवर घर बांधत नाहीत, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हात फाटते. रुमणखेडची नवी पंचायत मात्र गावाबाहेर काळ्यातच उठवली होती, जागा मोकळी मिळाली म्हणून. वर्ष झालं नव्हतं तर भिंतीच्या कडेनं जमिनीला भेगा पडलेल्या. एक भेग हाताच्या पंजाएवढी रुंद. भिंतीला लागून एक जुनी दगडी डोणी होती, पूर्वी बैल पाणी पीत असतील. आता तिच्यात काठोकाठ खडे भरले होते.

सिद्धोधनला वाटलं, बांधकामाची खडी उरलीय. शिडी डगमगत होती. त्यानं डोणीच्या काठावरचे तीन खडे उचलले, एक मोठा, एक मध्यम, एक बारका, आणि शिडीच्या पायाखाली सारले. शिडी ठाम झाली. गावाच्या कडेला दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं उठायला हात टेकला आणि पुन्हा बसला, हे त्याला नंतर आठवलं.

दुपार होईपर्यंत पाटी झाली. लोकसंख्या १२१४ लिहायची होती, त्यातला शेवटचा चार ठेवून १२१ लिहिलं आणि वाळायला वेळ द्यावा म्हणून तो उतरला. शिडी बाजूला ओढली. दोन खडे जागेवर राहिले, मोठा घरंगळला आणि भेगेत गेला.

काळ्या रानात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. भेगेत काही पडलं की कान आपोआप तिकडं जातो. ढेकूळ असो, बिबा असो, खाली कुठंतरी टक् होतं आणि मग माणूस पुढं जातो. सिद्धोधन थांबला. टक् झालं नाही.

तेवढ्यात एक म्हातारी पितळी तांब्या घेऊन आली. तानुबाई तिचं नाव. उन्हानं वाळलेल्या कापसाच्या पळाटीसारखी काटक, पण नजर सुईत दोरा ओवणारी.

"पानी घ्या, पेंटर. कोन्च्या गावचे म्हनायचे?"

"पोखर्णीकडचा, मावशी. आता परभनीलाच ऱ्हातो."

"बरं," ती म्हणाली आणि डोणीपाशी बसून खडे मोजायला लागली. शंभरापर्यंतचा हिशोब तिला येत नव्हता, विसांनी मोजत होती. एक वीसा, दोन वीसा. बोटं खड्यांवरून अशी फिरत होती जशी लेकराच्या डोक्यावरून. सिद्धोधन कौतुकानं बघत राहिला. एकोणीस वीसा झाले आणि ती थांबली.

"वर सात पायजेत. चारच हायत."

सिद्धोधननं शिडीखालचे दोन आणून दिले. "हे घ्या. म्या घेतले होते, शिडी हालायली म्हनून. एक भेगेत गेला."

तानुबाईनं दोन्ही खडे हातात घेतले. दोन्ही एका बाजूनं काळे पडलेले, चुलीत राहिल्यासारखे. "ही कुसुम," ती मध्यम खडा ठेवत म्हणाली. "ही राजनंदिनी," बारका. मग तिनं रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. "इथं पांढऱ्या शिरंचा मोठा होता. तो गेला?"

"गेला, मावशी. पन खडाच हाय. दुसरा आनून देतो तसाच."

"न्हाई," ती म्हणाली. "दुसरा ठेवला तर दुसराच कुनीतरी येईल. त्याला मी काय म्हनून घरात घेऊ?"

सिद्धोधननं हातातला तांब्या खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता, जसं कुणी पाहुण्याला घरची रीत सांगावी. दसऱ्यानंतर टोळी निघते तेव्हा ज्यानं त्यानं एक खडा डोणीत टाकायचा. ज्याला रान आहे त्यानं आपल्या बांधावरचा, ज्याला नाही त्यानं आपल्या चुलीतला. आलं की गावाचं नाव घ्यायचं, आपला खडा उचलायचा आणि होता तिथं नेऊन ठेवायचा. तोवर माणूस रस्त्यात आहे. मागं राहिलेल्यांनी रोज मोजायचं.

"आन कुनी उचललाच न्हाई तर?"

"तळाला हायत आठ-धा. ते मी मोजीत न्हाई." तिनं पदरानं हात पुसले. "मोठा माझ्या दत्ताचा होता. लेक माझा. कुसुम सून, राजनंदिनी नात."

सिद्धोधन बौद्ध माणूस. लिंबू-मिरची, अंगारा-धुपारा त्याच्या घराच्या उंबऱ्याला शिवलं नव्हतं. कुणी दुसऱ्यानं हे सांगितलं असतं तर त्यानं चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पण म्हातारी त्याला दोष देत नव्हती, आणि तेच त्याला जड गेलं. त्यानं पालथं पडून भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत. आत गार होतं. बाहेर ऊन पोळत असताना आत विहिरीच्या तळासारखं गार, आणि तळहाताला खालून वर येणारी बारीक हवा लागत होती, थांबून थांबून. त्यानं हात काढून घेतला.

"फोन लावा की मावशी. खुशाली कळंल."

"उसाच्या फडावर खड्याचं बोलायचं नसतं. मानूस मागं वळून बघतो, हातात कोयता असतो." ती उठली आणि पाटीकडं बघू लागली. वाचता येत नव्हतं, तरी नजर बरोबर आकड्यावर गेली. "ही गावातली मानसं व्हय? ह्यात माझा दत्ता हाय?"

"असंल की. पंधरा वर्सांमागची मोजनी हाय ही. तीच लिवतेत सगळीकडं."

"आन राजनंदिनी?"

"ती तवा जन्मली नसंल."

"आन आमचे मालक?"

"ते असतील की."

"ते वारून नऊ वर्सं झाले," तानुबाई म्हणाली. "म्हंजी तुमच्या भिंतीवर मेलेली ऱ्हातेत. जिती माझ्या डोनीत." एवढं बोलून ती तांब्या उचलून गेली.

पाटी वाळली होती. सिद्धोधननं शिडी लावली, कुंचला बुडवला, चढला. चार काढायला काय लागतं? चाळीस वर्षांत हजारो चार काढले असतील. पण कुंचला भिंतीपाशी गेला आणि तिथंच थांबला. खालच्या भेगेतून ती हवा त्याच्या पायजम्याच्या काठाला लागत होती, थांबून थांबून. तो उतरला, सामान बांधलं आणि तीनच्या जीपनं निघाला.

घरी बायकोला, सुकेशनीबाईंना, त्यानं दोन दिवसांनी सांगितलं. त्या शाळेत मास्तरीण, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हनता आन खड्याला भिता?"

"भीत न्हाई. वाट बघायलोय."

"कशाची?"

"पडल्याच्या आवाजाची. आजून आला न्हाई."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं, आणि त्या दिवशी त्याच्या ताटात त्यांनी न मागता दुसरी भाकरी वाढली.

महिनाभर असंच चाललं. मानवतला एका भिंतीवर काम करताना तो मधेच थांबून खाली बघायचा. सेलूला शिडीखाली खडे न सारता त्यानं लाकडाच्या पाचरी वापरल्या, परभणीहून नेलेल्या. भगवानरावांचे फोन येत होते. "पेंटर, लोक हसायलेत. बाराशे चौदाचं गाव, तुमी एकशे एकवीसचं करून ठेवलं. बाजूच्या गाववाले म्हनतेत, बाकीचे कुठं गेले?"

"आलेत का टोळीवाले?" सिद्धोधन विचारायचा.

"पट्टा पडला की येतेत. तुमाला कामून पायजेत ते?"

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, ते फाल्गुनात, होळीला पाच दिवस राहिले असताना. भगवानरावांनी सहज बोलता बोलता सांगितलं, उद्या सकाळी ट्रक येतायत. सिद्धोधननं पहाटेची एस.टी. धरली, शिडी टपावर आणि रंगाचे डबे पायाशी.

ट्रक आले तेव्हा दहा वाजले होते. गाव ओळखू येईना. लेकरं, भांडी, कोंबड्या, उसाच्या वाढ्यांचे भारे, सगळं एकदम उतरलं. पण घराकडं कुणी गेलं नाही. सगळे डोणीभोवती उभे राहिले आणि एकेक जण पुढं होऊन म्हणू लागला, "रुमणखेडचा मी. आलो." खडा उचलायचा, कपाळाला लावायचा, चालायला लागायचं. बाया म्हणत, "रुमणखेडची मी. आले." कडेवरच्या लेकरांचा खडा आया उचलत. डोणी रिकामी होत चालली. राजनंदिनी सहा वर्षांची, तिनं आपला बारका खडा स्वतःच उचलला आणि नाव इतक्या मोठ्यानं घेतलं की दोन म्हातारे हसले. कुसुमनंही घेतलं.

दत्ता उभाच राहिला. चांगला उंच, रापलेला, अंगावर कुठं जखम नाही. डोणीतल्या मोकळ्या जागेकडं बघत होता.

"नाव घे की," कुणीतरी म्हणालं.

त्यानं ओठ हलवले. मग बायकोकडं बघितलं.

कुसुम सासूजवळ येऊन हळू बोलली, पण सिद्धोधन शेजारीच होता. "माघातल्या मंगळवारपासून असं हाय, आत्याबाई. दुपारच्याला भाकर खायला बसलो तवा ताटातून हात काढला आन म्हनले, आपलं गाव कोन्तं? मला वाटलं चेष्टा करायलेत. काम करतेत, खातेत, लेकराला घेतेत. पन येताना ट्रकात दर गावाला उठून उभे ऱ्हायचे. म्हनायचे, हेच का? म्या म्हनायचे, न्हाई, बसा."

तानुबाई चार हात अंतरावर उभी होती. लेक पाच महिन्यांनी आलेला, पण ती पुढं झाली नाही. काठी दोन्ही हातांनी धरून ती त्याच्याकडं बघत होती, जसं माणूस दारात आलेल्या अनोळख्याकडं बघतं.

"आई," दत्ता म्हणाला.

"चेहरा त्याचाच हाय," ती सिद्धोधनला म्हणाली, दत्ताला नाही. "चेहऱ्याचं काय."

लोक दोन पावलं मागं सरले. कुणी ठरवलं नव्हतं, पण दत्ताभोवती मोकळी जागा झाली. आणि त्या जागेत तो हळूहळू वळून गावाकडं बघत होता, एकेक घर, एकेक झाड, त्याला कुणीतरी मुक्कामापुरतं इथं उतरवावं तसा. सिद्धोधनला कळलं की हे असंच राहिलं तर हा माणूस या गावात राहील, खाईल, म्हातारा होईल, आणि त्याची आई मरेपर्यंत त्याच्याकडं अशीच बघेल.

त्यानं शिडी आणली. लावली ती त्याच जागी, त्याच भेगेवर. पाचरी पिशवीत होत्या, काढल्या नाहीत. शिडी हलत होती ती हलू दिली.

"दत्तराव, शाळा कितवी?"

"चौथी."

"कुठं?"

दत्ता पुन्हा बायकोकडं बघू लागला.

"चार काढता येतो का? चढा. मी धरतो."

"मोजनीची पाटी हाय ती, पेंटर," भगवानराव म्हणाले. "वाकडं निघंल."

"निघू द्या."

दत्ता चढला. कोयत्यानं घट्टे पडलेल्या हातात कुंचला लेकरानं धरावा तसा धरलेला. सिद्धोधननं खालून शिडी धरली होती आणि त्याच्या घोट्यांना ती हवा लागत होती, थांबून थांबून. दत्तानं चार काढला. गाठ मोठी झाली, शेपटी खाली ओघळली. पण चारच होता.

"आता वरपासून वाचा. मोठ्यानं."

दत्ता वर बघत राहिला. चौथीपर्यंतचं वाचन, अक्षराला अक्षर जोडणारं. "गा-वा-चे ना-व," तो म्हणाला. थांबला. सगळं गाव थांबलं. कोंबड्यांनीसुद्धा चरायचं थांबवलं असं सिद्धोधनला वाटलं. "रु," दत्ता म्हणाला. "म-ण." मग अक्षरं एकदम जुळली. "रुमणखेड. रुमणखेडचा मी."

आणि खालून, खूप खालून, टक् झालं.

ते सगळ्यांनी ऐकलं. पुढं लोकांनी काहीबाही सांगितलं, शिडी खाली बसली असेल, फरशी उकलली असेल. पण त्या वेळी सगळे भेगेकडंच बघत होते. सिद्धोधनच्या पायाला लागणारी हवा बंद झाली होती.

दत्ता उतरला. त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि नजर एका कुडाच्या घरावर जाऊन थांबली. "आई," तो म्हणाला, "मधला वासा मोडलाय की गं आपला. सांगितलं न्हाईस?"

मग मात्र म्हातारीची काठी पडली. ती त्याच्या छातीपर्यंतच पोचत होती. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कान, कपाळ, मानेवरचा लहानपणीचा व्रण, जसे खडे चाचपायची तसा. आणि कुसुमला म्हणाली, "भाकरी आन गं घरातून. मघाशी थापल्यात. भुका लागल्या असतील."

भाकरी आली. तानुबाईनं ती हातात घेतली, पण लेकाला देण्याआधी तिनं कोरभर मोडली आणि खाली वाकून भेगेत टाकली.

"ते कशाला, मावशी?" सिद्धोधननं विचारलं.

"महिनाभर जो कुनी ह्याचा खडा धरून बसला व्हता," ती म्हणाली, "त्यालाबी भूक असंलच की."

उरलेली भाकरी तिनं दत्ताच्या हातात दिली. तो खायला लागला. सिद्धोधननं कान दिला. भाकरीचा तुकडा हलका असतो, त्याचा आवाज होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी रंगाचे डबे बांधून होईपर्यंत तो तिथंच भेगेजवळ वाकून उभा होता.